सेकंदकाट्याचं घड्याळ

मी सदाशिव पेठेतल्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या करते. म्हणजे करत होते. सकाळी सात ते दुपारी तीन, साडेतीनशे-चारशे पोळ्या. हातातलं काम चालू असताना डोकं रिकामं असतं, आणि रिकाम्या डोक्यात माझ्या एकच विचार घोळायचा: आपण नर्स व्हायला हवं होतं.

बारावी आर्ट्स झाल्यावर वडिलांनी विषयच काढू दिला नाही. पुढे लग्न, लेक, आणि मग सासूबाईंचा अर्धांगवायू. दोन वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि सगळं मीच केलं. त्या गेल्यावर घर एकदम मोकळं झालं. एक दिवस स्वारगेटला बसची वाट बघताना खांबावर चिकटवलेला कागद वाचला: 'संध्याकाळचे नर्सिंग. नोकरी सांभाळून एका वर्षात जीएनएम. वयाची अट नाही.' मी तेव्हा अडतीस वर्षांची. मला तर तो कागद माझ्यासाठीच चिकटवलाय असं वाटलं.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. एसी, काचेचं टेबल, भिंतीवर फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा घेतलेला फोटो. समोरचा मुलगा भरभर बोलत होता. फी पासष्ट हजार, आज दहा भरले तर सीट पक्की. रोज दोन तास क्लास, परीक्षा परराज्यात, "पण मॅडम, तुम्हाला जायची गरज नाही, ते आम्ही बघतो." हे शेवटचं वाक्य ऐकून तरी मी उठायला हवं होतं. उठले नाही. 'दोन दिवसांत पैसे आणते' म्हणून आले.

वाचले ते एका गिऱ्हाइकामुळे. आमच्या केंद्रात एक सिस्टर नेहमी यायच्या. सकाळची ड्युटी संपली की अडीच-पावणेतीनला, चार पोळ्या आणि उसळ. त्यांना मी आनंदाने सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "एकच विचारून या. कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळणार का? आणि ते लिहून देणार का?"

मग त्यांनी तिथेच, काउंटरपाशी उभ्या उभ्या, सगळं समजावलं. जीएनएम म्हणजे नर्सचा डिप्लोमा, तीन वर्षांचा. एएनएम त्याच्या खालचा कोर्स, दोन वर्षांचा. दोन्ही पूर्ण वेळ, कारण निम्मं शिक्षण वॉर्डात होतं आणि वॉर्ड काही संध्याकाळच्या दोन तासांत शिकून होत नाही. प्रवेशाला वयाची अट पस्तीस. मान्यता असलेल्या संस्थांची यादी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर राज्यवार मिळते, लेकीला मोबाइलवर बघायला सांगा. कौन्सिलचा नंबर नसेल तर तुम्ही नर्स नाही, मग भिंतीवर कितीही मोठं प्रमाणपत्र लावा.

लेकीने त्या रात्री यादी उघडली. ती संस्था त्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी मी फोन करून रजिस्ट्रेशनचं विचारलं तर तो मुलगा म्हणाला, "ते कोर्स झाल्यावर बघता येईल." नंतर त्याने मला सलग आठवडाभर फोन केले.

मला रडू आलं ते फसता फसता वाचले म्हणून नाही. पस्तिशी उलटली, आता हे दार बंद, हे कळलं म्हणून आलं. ह्यांनी काही बोलून बघितलं नाही, नुसता चहा करून दिला. ह्यांचा चहा भयंकर असतो.

त्याच सिस्टरांनी मग दुसरं सुचवलं. रुग्ण सहाय्यकाचा कोर्स. ह्याला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात, कुणी नर्सिंग असिस्टंटही म्हणतं. सहा महिने, त्यातले चार वर्गात आणि दोन हॉस्पिटलात. ह्याला कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नसतं आणि ह्याने माणूस नर्स होत नाही. "पण पेशंटला हात लावायचा कसा, ते नीट शिकवतात," त्या म्हणाल्या. एका संस्थेचा संध्याकाळचा वर्ग नवी पेठेत चालायचा, साडेपाच ते आठ. फी अठरा हजार, तीन हप्त्यांत. मी जूनमध्ये नाव घातलं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे लोकांचं हगणं-मुतणं काढायचं? त्यापेक्षा पोळ्या बऱ्या." नणंदेनेही थोड्याफार फरकाने हेच म्हटलं. सासूबाईंचं दोन वर्षं मी हेच केलं, तेव्हा दोघींपैकी कुणाला ते कमीपणाचं वाटलं नव्हतं. फुकट केलं की सेवा आणि पैसे घेतले की हलकं काम, हा हिशोब मला अजून कळलेला नाही.

वर्गात आम्ही चौदाजणी आणि दोन मुलगे. एक मंचरहून आलेली एकोणीस वर्षांची पोर, एक धनकवडीची माझ्याच वयाची विधवा, दोघी बहिणी दिवसा शिवणकाम करणाऱ्या. शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त सिस्टर ट्यूटर, सरकारी हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या. पांढरी कडक साडी, आवाज बारीक, पण त्या बोलायला लागल्या की पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटायचं.

पहिले तीन दिवस फक्त हात धुणं. मला हसू आलं, चाळीस वर्षांच्या बायकांना हात धुवायला शिकवतात! मॅडमनी प्रत्येकीच्या तळव्याला निळी शाई लावली आणि धुवून या म्हणाल्या. परत आलो तर सगळ्यांच्या अंगठ्याच्या मागे आणि नखांच्या कडेला शाई तशीच. माझ्या तर बांगडीच्या खालीही. साबणाने धुवायचं तर चाळीस ते साठ सेकंद लागतात, आम्ही दहात उरकलं होतं. त्या दिवसापासून मी घरी कणीक मळायच्या आधीसुद्धा अंगठा वेगळा धुते.

संसर्गाचा धडा चालू असताना मॅडम प्लेगवर गेल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, लोक आपल्याच माणसांना सोडून पळत होते. सावित्रीबाईंनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर टाकून दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शाळेत आम्ही हे पाठ केलं होतं, मार्कांसाठी. मॅडमनी मात्र विचारलं, "आता सांगा, त्यांच्या जागी तुम्ही असता तर अंगावर काय घातलं असतं?" आणि फळ्यावर मास्क, ग्लोव्हज, गाऊन, ते चढवायचा क्रम आणि काढायचा क्रम लिहिला. काढताना जास्त चुका होतात, हे तिथे कळलं. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाचंही त्यांनी सांगितलं, १९०९ साली पुण्यात सुरू झालेलं. घरंदाज बायकांनी नर्सिंग शिकावं म्हणून रमाबाईंना किती घरांची समजूत काढावी लागली असेल! मला लगेच माझी आई आठवली. शंभर वर्षांपूर्वीच्या घरांत आणि आमच्या घरात फरक फक्त फोनचा.

खरी अडचण नाडीला आली.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटं ठेवायची, अंगठा ठेवायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. पूर्ण एक मिनिट मोजायची. मोठ्या माणसाची साठ ते शंभर. मंचरच्या पोरीला दोन सेकंदांत सापडली. मला सापडेना. शेजारणीचं मनगट धरून मी पाच मिनिटं बसले, काहीच लागेना. माझी बोटं तव्यावरच्या पोळीने भाजून भाजून टोकाशी जाड झालेली. पोळी फुगली की कडेने दाबायची ती ह्याच तीन बोटांनी. गरम लागत नाही ह्याचा मला इतकी वर्षं अभिमान होता.

मॅडमनी माझी बोटं उलटी करून बघितली. म्हणाल्या, "तुम्ही दाबताय. पोळी नाही ती. दाबलं की शीर बंद होते. नुसतं टेकवा आणि थांबा." मी टेकवली आणि थांबले. मनगट गार होतं, शेजारीण कंटाळली होती, बाहेर रिक्षावाले भांडत होते. आणि मग तिसऱ्या बोटाखाली काहीतरी हललं, म्हणजे झुरळाच्या पायाएवढं हलकं. पुन्हा. पुन्हा. मी मोजायचंच विसरले.

मोजायला सेकंदकाटा लागतो, मोबाइल वॉर्डात चालत नाही. दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत जाऊन काळ्या पट्ट्याचं घड्याळ घेतलं. त्यानंतर महिनाभर घरात जो सापडेल त्याची नाडी मोजली. ह्यांची बहात्तर. लेकीची अठ्ठ्याऐंशी, तेव्हा ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती, मी काही विचारलं नाही.

बीपी शिकायची वेळ आली ती नेमकी श्रावणात. आमच्या वर्गाच्या खिडक्या नदीच्या बाजूला आणि संध्याकाळ झाली की नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू. हॉस्पिटलात आता आकडे दाखवणारं मशीन असतं, पण मॅडमचं म्हणणं, मशीन बिघडलं की काय करणार? म्हणून पट्टा, फुगा आणि स्टेथोस्कोप. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज थांबतो तो खालचा. मी कानात नळ्या घातल्या तर सगळीकडे ठोकेच. धनकवडीच्या बाईचं बीपी मी दोनशे दहा लिहिलं, ती घाबरून खुर्चीवरच बसली. शेवटी खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, आणि घामाघूम होऊन पथक चहाला थांबायची वाट बघत राहिलो. गणपतीत तर टिळक रस्ता संध्याकाळी बंद, मी वर्ग सुटल्यावर दांडेकर पुलापर्यंत चालत जायची आणि तिथून मिळेल त्या बसने आनंदनगर. घरी साडेनऊ-दहा. सकाळी पाचला उठून पुन्हा पोळ्या. ते दहा दिवस कसे काढले ते मलाच माहीत.

सगळ्यात जड गेला तो बेडसोरचा, म्हणजे अंथरुणावर पडून पडून होणाऱ्या जखमांचा धडा. तो धडा मला आधीपासून येत होता आणि चुकीचा येत होता.

सासूबाईंना माकडहाडावर जखम झाली होती. आधी नुसता लाल डाग. मी रोज खोबरेल तेल लावून तिथे चोळायची, वरून पावडर. मेडिकलवाल्याने हवेची रिंग दिली, तीही घातली. त्यांना वर सरकवायचं असलं की काखेत हात घालून ओढायची, तेही लुळ्या बाजूने, कारण ती बाजू भिंतीकडे नव्हती. डाग फुटला, जखम झाली, वास यायला लागला. मला वाटायचं, वय झालंय, व्हायचंच.

मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. लाल झालेल्या जागी चोळू नये, आतल्या नाजूक शिरा तुटतात. रिंग घालू नये, कडेचा रक्तपुरवठा अडतो. चादरीवरून फरफटवू नये, वरची कातडी जागेवर राहते आणि आतलं मांस सरकतं. लुळा हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. दर दोन तासांनी कूस बदलावी. त्यांनी एकेक ओळ लिहावी आणि माझी एकेक चूक फळ्यावर यावी, असं चाललं होतं. सासूबाई लुळा हात ओढला की ओरडायच्या. मी म्हणायची, "जरा सोसा की हो आत्या."

वही मिटून मी बाहेर जाऊन उभी राहिले. वर्ग सुटल्यावर मॅडम आल्या, काय झालं ते मी सांगितलं. त्या काही 'तुमचा दोष नाही' वगैरे म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "लाल डागावर बोट दाबून बघायचं, ते कशासाठी?" मी म्हटलं, दाबल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर रक्त फिरतंय, लालच राहिलं तर जखम सुरू झाली. "आणि सावळ्या कातडीवर?" रंग नीट दिसत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने लावून बघायचं, तिथे गरम किंवा कडक लागतं का. "बरोबर," त्या म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या.

ऑक्टोबरात वॉर्ड सुरू झाला. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात दुपारी दोन ते रात्री आठ. केंद्राच्या काकूंनी मला एक वाजता सोडायचं कबूल केलं, पगार कापून. वॉर्डात आमची जागा कुठे हे पहिल्याच दिवशी समजलं. सिस्टर वर, मावशी खाली, आणि आम्ही मधे लोंबकळत. सिस्टरना वाटे आम्ही लुडबुड करतो, मावशींना वाटे आम्ही त्यांच्या पोटावर पाय आणायला आलो. पण काम शिकवलं ते मावशींनीच. पेशंट अंथरुणात असतानाच चादर बदलायची ती त्यांच्याइतकी कुणालाच येत नव्हती. एका कुशीवर वळवून जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, नवी तिच्याच मागे लावायची, मग पेशंटला त्या गुंडाळीवरून पलीकडे वळवायचं. तिथे मात्र माझे कणीक मळणारे दंड कामी आले.

कचऱ्याचे रंग मी झोपेत बरळायची असं लेक म्हणते. रक्ताचा कापूस, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. सलाइनची नळी, ग्लोव्हज, युरिन बॅग लाल. सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा कडक डब्यात. काच निळ्या खोक्यात.

आणि चूक. तिसऱ्या आठवड्यात एका बाबांची युरिन बॅग भरत आली होती. मी ग्लोव्हज घातले, बॅग मूत्राशयाच्या खालच्या पातळीवरच राहील असं बघितलं, खालचा नळ उघडून भांड्यात काढलं, संडासात ओतलं, फ्लश केलं, भांडं धुवून उपडं ठेवलं. सगळं कसं स्वच्छ! फक्त मोजलं नाही. किडनीचा पेशंट. रात्रीच्या पाळीला पेशंट सोपवताना इन्चार्ज सिस्टर आय-ओ चार्ट, म्हणजे पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं आणि बाहेर किती आलं त्याचा तक्ता, वाचायला लागल्या तर दोन ते आठ लघवीचा रकाना कोरा.

माझ्या मनात आलं, अंदाजे चारशे मिली सांगून टाकावं. बॅग तेवढीच होती साधारण. तोंड उघडलंही. मग खरं सांगितलं. सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्या लघवीवर उद्याचं औषध ठरणार होतं. तुम्ही काय फेकलंत कळलं का?" आणि रकान्यात 'मोजले नाही' असं लाल पेनने लिहून खाली माझं नाव घातलं. मी दांडेकर पुलावर बसमध्ये चढेपर्यंत कान गरम होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावून त्याच बाबांची बॅग रिकामी करायला लावली. तीनशे ऐंशी. मी दोनदा वाचून लिहिलं.

नोव्हेंबर अखेरीस परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत विचारलं, पेशंटच्या नातेवाइकांनी इंजेक्शन द्यायचा आग्रह केला तर? मी म्हटलं, नाही देणार, ते माझं काम नाही, सिस्टरांना बोलावीन. पास झाले. ओळखपत्रावर 'रुग्ण सहाय्यक' असं छापून आलं.

खरा पेपर पुढे होता. घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एका ब्युरोत नाव नोंदवलं. त्यांनी लगेच काम दिलं, कोथरूडला, बारा तासांची ड्युटी. फोनवर ब्युरोवाली गिऱ्हाइकाला सांगत होती, "हो हो, ट्रेन्ड नर्स पाठवतेय." मी म्हटलं, ताई, मी नर्स नाही. ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "त्यांना कुठे फरक कळतो? नर्सचा रेट मिळतोय तर घ्या की." पोळी-भाजी केंद्रातल्या त्या सिस्टर मला डोळ्यांसमोर दिसल्या, पिशवी खाली ठेवून उभ्या. मी तो रेट घेतला नाही आणि ब्युरोवालीनेही पुन्हा फोन केला नाही. दीड महिना पुन्हा पोळ्या.

मग हॉस्पिटलातल्या एका मावशींच्या ओळखीने एरंडवण्यात काम लागलं. आजोबांना उजव्या बाजूचा अर्धांगवायू, घरात फक्त आजी, शहात्तर वर्षांच्या. पहिल्या दिवशी आजींनी चष्मा लावून माझं ओळखपत्र मोठ्याने वाचलं. "सहाय्यक म्हणजे नर्स नव्हे ना?" मी म्हटलं, नव्हे. इंजेक्शन, सलाइन मी करणार नाही. अंघोळ, खाणं, कूस बदलणं, चालवणं, बीपी-नाडी लिहून ठेवणं हे सगळं करीन, आणि काही बिघडतंय वाटलं तर लगेच डॉक्टरांना फोन करायला सांगीन. "ठीक आहे," म्हणाल्या, "खोटं बोलणारी बाई आम्हाला नको होती."

सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी, हे मी त्यांना दाखवलं. कूस बदलायला खाली आडवी चादर कशी ठेवायची आणि ती धरून, आजोबांना न ओढता, कसं वळवायचं तेही. माझी ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ, रात्रीचं आजीच बघणार. म्हणून मी फ्रिजवर एक कागद चिकटवला: दहा – डावी, बारा – पाठ, दोन – उजवी, चार – डावी. पुढे सही करायला जागा. मला वाटलं होतं, आजी रात्री झोपतील, त्यांचंही वय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर कागदावर बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'दोन – उजवी. डोळा लागला होता, दोन वीसला केली. डागावर बोट दाबून पाहिले. पांढरे होते.'